मनोहररावांची कूलर-बस आणि मैनाबाईचं वायंडिंग

नागपूरच्या टिमकीत मैनाबाई हेडाऊशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं आम्ही मोहल्लेवाले म्हणायचो. हे कधीतरी मैनाबाईच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "येऊ द्या जन्माले, मंग पाहू." म्हणजे जो माणूस अजून पाळण्यातही आलेला नव्हता, त्याच्यासाठीसुद्धा तिनं पदर खोचून ठेवला होता.

दिसायला ती अशी नव्हती, की कुणी घाबरावं. उंची बेताची, अंग काटकुळं आणि नाकावर चष्मा. चष्म्याची डावी दांडी केव्हाच तुटली होती. तिथं तिनं तांब्याची तार वळवून बसवली होती. चष्मेवाला म्हणाला, नवी दांडी लावून देतो. तिनं विचारलं, "मी लावलेली पडली का कधी? तुमची तं पडली." चष्मेवाल्यानं नवी दांडी परत खोक्यात टाकली.

हेडाऊंच्या घरात तीन पिढ्या माग चालला. तिचा नवरा ईश्वरदास हा त्या मागावरचा शेवटचा विणकर. स्वभावानं इतका गरीब, की दिवसाला चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली दोन मांजराशी. पण हात असा, की उमरेडपासून लोक त्याला बोलवायला यायचे, सांधणीसाठी. मागावरचा उभ्या धाग्यांचा जुना ताणा संपत आला, की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका धाग्याला जोडावा लागतो. हजारो धागे, हजारो जोड. ईश्वरदास शेजारच्या वाटीतल्या तांदळाच्या खळीत बोट बुडवायचा, दोन टोकं एकमेकांवर ठेवायचा, चिमटीत एक पीळ द्यायचा, की झालं. पुढं तो जोड ना डोळ्यांना दिसायचा, ना बोटांना लागायचा. "ईश्वरदासचा जोड शोधून दाखव," अशी कोष्ट्यांमध्ये पैज लागायची आणि पैज लावणारा कायम जिंकायचा.

पुढं गिरणीची पातळं स्वस्त झाली, सूत महाग झालं आणि एक दिवस माग थांबला तो थांबलाच. ईश्वरदास आठ दिवस त्याच्यासमोर बसून होता. नवव्या दिवशी मैनाबाई उठली आणि शेजारच्या गल्लीत मोटारींच्या वायंडिंगचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर जाऊन बसली. तीन दिवस नुसती पाहत होती. चौथ्या दिवशी दुकानवाल्याला म्हणाली, "हे तं आमचं कांड्या भरनंच हाय. सुताच्या जागी तार हाय फक्त. द्या इकडं."

दुकानवाला हसला आणि त्यानं गंमत म्हणून दिली. संध्याकाळी तो हसत नव्हता. चरख्यावर जन्मभर सूत गुंडाळून कांड्या भरलेल्या हातानं तार अशी बसवली होती, की फेऱ्याला फेरा लागून, मध्ये केस जाणार नाही.

तेव्हापासून मैनाबाईनं घरातच चरख्याला थोडं सुतारकाम करवून वायंडिंगचं यंत्र केलं आणि सीताबर्डीतल्या चार दुकानांची ट्रान्सफॉर्मरची कॉइल तिच्याकडे यायला लागली. तिचा एकच नियम होता. कॉइलमध्ये जोड नाही. सातशेव्या फेऱ्याला तार तुटली, तर सातशे फेरे उलगडायचे आणि नव्या तारेनं पहिल्यापासून भरायचं. ईश्वरदास एकदा हळूच म्हणाला, "मी जोडून देऊ का? दिसनार नाई." ती म्हणाली, "नाई दिसनार, म्हनूनच नको."

हे त्या दोघांचं आयुष्य. आता मनोहररावांची बस.

मनोहरराव आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहायचे. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला. रिटायर झाले तेव्हा लोक घड्याळ घेतात, सोन्याची अंगठी घेतात, यांनी लिलावात एक मोडीत काढलेली बस घेतली. पस्तीस वर्षं ज्या बसच्या जातीला त्यांनी रोज आठ तास शिव्या दिल्या, तिच्यातच आता राहायला जायचं ठरवलं. सीटा काढल्या, दोन पलंग टाकले, ओटा केला, मोरी केली, ड्रायव्हरच्या मागं देवाची फळी ठोकली. गोपिकाबाईंना समुद्र दाखवायचा होता.

नागपूर हे गाव असं मधोमध बसलेलं आहे, की समुद्र कुठल्याही बाजूनं सारखाच लांब पडतो. त्यामुळे आमच्याकडे समुद्र न पाहिलेल्या माणसाला कुणी हसत नाही. पण गोपिकाबाईंनी लग्नात ही एकच गोष्ट मागितली होती आणि मनोहररावांनी "पुढच्या उन्हाळ्यात" असं चाळीस वेळा म्हटलं होतं. आता ब्याऐंशी साल उजाडलं. गोपिकाबाईंनी बसला एक फेरी मारली, ओटा पाहिला, पलंग दाबून पाहिला आणि एकच अट घातली.

"कूलर लावा. नाई तं मी पायरीवर पाय नाई ठेवनार. मे महिन्यात या डब्यात मी काय भाजून घेऊ का?"

अट रास्त होती. नागपूरकर उन्हाळ्यात दोघांपुढेच हात जोडतो, एक कूलर आणि दुसरा, कूलरमध्ये पाणी भरणारा. मनोहररावांनी मागच्या खिडकीत पत्र्याचा कूलर बसवला. पण कूलरला घरातली वीज लागते आणि बसमध्ये असते बॅटरीची. बॅटरीची वीज घरच्यासारखी करून देणारा डबा म्हणजे इन्व्हर्टर. तेव्हा हा शब्द आमच्याकडे नवाच होता, त्यामुळे सगळे त्याला "डबा"च म्हणत.

डबा बनवायचं काम गेलं चंपतरावांकडे. सीताबर्डीला त्यांचं रेडिओचं दुकान, मैनाबाईला काम देणाऱ्या चारांतलंच एक. सफारी सूट घालायचे. धंतोलीतल्या डॉक्टरांच्या गळ्यात जसा स्टेथोस्कोप, तसा यांच्या गळ्यात चामड्याच्या पेटीतला मीटर. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला सगळं येतं हे त्यांना फार लहानपणी कळलं होतं आणि मग पुन्हा तपासून पाहायचं राहून गेलं. त्यांनी डबा जोडला. आतली कॉइल भरली मैनाबाईनं. आणि बसच्या पुढच्या बाजूच्या बॅटऱ्यांपासून मागच्या ओट्याखालच्या डब्यापर्यंत केबल टाकली ईश्वरदासनं. मनोहररावांनी भंगारातून केबलचं एक भेंडोळं आणलं होतं, ते त्यानं रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी लाकडी तळाखालून नीट बसवून दिलं. फुकट, शेजारधर्म म्हणून.

उद्घाटनाला मोहल्ला जमला. पन्हं वाटलं गेलं. दिवा लावला, लागला. ट्यूब लावली, लागली. टाळ्या झाल्या. मग कूलरचं बटण दाबलं. पंखा एकदा कण्हला, अर्धा फेरा फिरला आणि थांबला. डबा आतून असा काही किंचाळला, की ईश्वरदासचं मांजर दोन दिवस घरी आलं नाही. मग धूर निघाला.

चंपतरावांनी डबा नेला, ट्रान्झिस्टर बदलले, आणला. पुन्हा तेच. पुन्हा नेला. तिसऱ्या वेळेला ट्रान्झिस्टर उडाले, तेव्हा त्यांनी दुकानाच्या काउंटरवर, चार गिऱ्हाइकांदेखत निकाल दिला. "सर्किट माझं परफेक्ट आहे. कॉइल गडबड आहे. घरी बसून बाईनं भरलेलं वायंडिंग, अजून काय होणार?"

सीताबर्डीत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. आठ दिवसांत बाकीच्या तिन्ही दुकानांतून निरोप आले, की सध्या काम नाही. सध्या म्हणजे काय, ते मैनाबाईला बरोबर समजलं. तिच्या घरातलं यंत्र थांबलं. घरात एक माग आधीच थांबलेला होता. आता दुसरंही चाक थांबलं, तर चूल कशावर पेटणार, हे ईश्वरदासला विचारायची सोय नव्हती. तो दिवसाच्या चार वाक्यांवरून दोनवर आला होता.

मैनाबाईनं पदर खोचला, सीताबर्डीची बस धरली आणि थेट चंपतरावांच्या काउंटरसमोर उभी राहिली.

"चंपतरावभाऊ, माझी कॉइल जळली म्हनता. खोलून दाखवा."

"खोलायची काय गरज आहे बाई? पंधरा वर्षांचा एक्सपिरियन्स आहे माझा."

"पंधरा वर्सांत एकदाबी खोलून नाई पाह्यलं?"

काउंटरवर एक जण फिसकन हसला. चंपतरावांचे कान लाल झाले. "हे पाहा बाई, ये इलेक्ट्रॉनिक्स है. पातळाचे काठ विणणं नाही हे."

"काठ विनता येते का तुमाले?"

"मला कशाला येईल?"

"मंग जे येत नाई त्याचं नाव काहून घेता? मले वायंडिंग येते, मी वायंडिंगचंच बोलून राहिली." तिनं काउंटरवर दोन्ही हात ठेवले. "रविवारी सकाळी टिमकीत या. मीटर आना, काय आनाचं ते आना. सगळ्यांसमोर पाहू. दोष माझ्या कॉइलमधी निघाला, तं मी तारेले पुन्हा हात नाई लावनार. अन् नाई निघाला, तं तुमी ज्या ज्या दुकानात सांगतलं, त्या त्या दुकानात पायी जाऊन सांगाचं, का मैनाबाईची कॉइल चांगली हाय. कबूल?"

गिऱ्हाइकं पाहत होती. चंपतरावांना कबूल म्हणावंच लागलं. "पायी कशाला, स्कूटरनं जाईन," ते म्हणाले. "जिंकलात तर."

रविवारी सकाळी आठलाच ऊन तापलं होतं. बस रिकाम्या प्लॉटवर कडुनिंबाखाली उभी. माणसं सभोवती, पोरं टपावर. प्रत्येकाकडे एक निदान होतं. एक म्हणाला, बॅटरीत पाणी कमी असेल. दुसरा म्हणाला, कूलर जड आहे. तिसरा म्हणाला, कोराडी इथून हाकेच्या अंतरावर, तिथं एवढी वीज तयार होते, तरी आपल्या मोहल्ल्यात दिवे जातात. विजेलाच नागपूर आवडत नाही, त्याला कोण काय करणार?

चंपतरावांनी सफारीच्या बाह्या सारल्या, डब्याच्या तोंडाशी मीटर लावला आणि वाचून दाखवलं, "चोवीस व्होल्ट. फुल. म्हणजे बॅटरी ओके, केबल ओके. सर्किट माझं, ते ओके. राहिलं काय?"

"कूलर बंद हाय आता," मैनाबाई म्हणाली.

"मग?"

"मंग काय? वरात दाराशी येईस्तोवर सगळेच जावई गरीब असते. कूलर लावा अन् मंग पाहा."

"लावला तर ट्रान्झिस्टर पुन्हा उडतील."

"दोन सेकंदं लावा. मी हात वर केला का बंद करा." तिनं पिशवीतून बसच्या हेडलाइटचा एक बल्ब काढला, त्याला दोन तारा लावलेल्या. त्या तिनं डब्याच्या तोंडाशी, जिथं केबल येऊन मिळत होती तिथं, टेकवल्या. बल्ब पांढराफेक पेटला. मनोहररावांनी कूलरचं बटण दाबलं. पंखा कण्हला आणि बल्ब विझत्या बिडीसारखा लाल झाला. मैनाबाईनं हात वर केला. बटण बंद. बल्ब पुन्हा पांढरा.

"आता पुढं चला," ती म्हणाली आणि बसच्या पुढच्या टोकाला गेली. बॅटऱ्यांवरच बल्ब टेकवला. पुन्हा दोन सेकंदं कूलर. या वेळी बल्ब जेमतेम डोळा मिचकावल्यासारखा झाला, बस.

गर्दीतल्या यमुताईंनी विचारलं, "याचा काय अर्थ वं मैना?"

"अर्थ हा, का बॅटरीतून निघते तेवढं डब्यात पोचत नाई. घरून डब्बा भरून दिला अन् पोरानं शाळेत जाईस्तोवर अर्धा खाल्ला, तसं. पंख्याले फिराले वीज पुरत नाई, तो अडून बसते अन् त्याचा राग ट्रान्झिस्टर खाते."

चंपतराव म्हणाले, "ही थिअरी झाली. कॉइल तरीपण खराब असू शकते."

"हो ना. म्हनूनच आता मधलं सगळं काढा." ती मनोहररावांकडे वळली. "भाऊ, बॅटऱ्या उचलून मागं आना. डब्याच्या बाजूले. दोन वीत वायर लावून सरळ जोडा."

एस.टी.च्या बॅटऱ्या म्हणजे काय, हे ज्यानं उचलल्या त्यालाच कळतं. चार जणांनी त्या मागं आणल्या आणि चौघांनी चार वेगवेगळ्या देवांची नावं घेतली. मैनाबाईनं आखूड जाड तारा लावल्या, पान्यानं आवळल्या. "गोपिकाबाई, तुमीच दाबा बटन."

गोपिकाबाईंनी बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. डबा गुणगुणला. पंखा कण्हला नाही, अडला नाही, घूं करून फिरला. पंपानं पाणी वर घेतलं, वाळ्याचा वास सुटला आणि त्या भट्टीत गार हवेचा झोत गोपिकाबाईंच्या तोंडावर आला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. "अजून थोडा वेळ," त्या म्हणाल्या.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मैनाबाईनं डब्याचं झाकण उघडलं आणि चंपतरावांचा हात धरून कॉइलवर ठेवला. "पाहा. कोंबडीच्या अंड्याइतकी गरम. जळली का?"

चंपतरावांनी हात काढला नाही. दुसऱ्या बाजूनंही चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "नाही जळली."

टपावरच्या पोरांनी पत्रा बडवला. आम्ही सगळे ओरडलो. मैनाबाईचं काम झालं होतं. सगळ्यांसमोर, शब्दाला शब्द.

आणि चंपतराव खिलाडूपणे म्हणाले, "ठीक आहे, मानलं. बॅटऱ्या मागंच राहू द्या. प्रॉब्लेम खतम." मनोहररावही मान डोलवायला लागले. बॅटऱ्या मागं ठेवायला त्यांना काही अडचण नव्हती. इंजिनाकडून चार्जिंगसाठी तीच केबल उलटी वापरायची, एवढंच.

सगळे पांगायला लागले. तेवढ्यात गोपिकाबाई, कूलरसमोरून न हलता, म्हणाल्या, "आज वास नाई आला."

"कसला वास?" मैनाबाईनं विचारलं.

"आमच्या ह्यायले कितीदा सांगतलं मी. कूलर लावला का मुरमुरे भाजल्यासारखा वास येते. माझ्या पलंगाखालून. हे म्हनते, तुले भूक लागली असंल."

मैनाबाईनं पिशवी खाली ठेवली. ती पलंगाकडे पाहत होती. पलंगाखालून केबल जात होती. मग तिनं दाराशी उभ्या असलेल्या ईश्वरदासकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं पायरी उकरत होता.

आता यात काय होतं, ते ती आणि तो, दोघंच जाणत होते. तिनं तिथंच थांबून घरी जायचं म्हटलं असतं, तर कुणी काही म्हणालं नसतं. कॉइल चांगली निघाली होती. कामं परत आली असती. पण त्या पलंगावर रात्री गोपिकाबाई झोपणार होत्या.

"फळ्या काढा," मैनाबाई म्हणाली.

"अवं, झालं ना आता," मनोहरराव म्हणाले.

"नाई झालं. काढा फळ्या. अन् केबल पुन्हा लावा, दोन मिनिटं कूलर चालवा."

फळ्या निघाल्या. बॅटऱ्या पुन्हा पुढं गेल्या. या वेळी देवांची नावं पुरली नाहीत, नातेवाइकांची घेतली गेली. चंपतरावांनी, ट्रान्झिस्टर उडू नयेत म्हणून, कूलरऐवजी दिव्यांची एक माळ लावून दिली. त्यांना आता खरंच जाणून घ्यायचं होतं. मैनाबाई गुडघ्यांवर बसली आणि मागच्या टोकापासून केबल चिमटीत धरून पुढं सरकायला लागली. मागावर कापडात खोट दिसली, की विणकर असाच जातो, जिथं खोट दिसली तिथून मागं, बोटाबोटानं. गार. गार. गार. पलंगाखाली तिचा हात थांबला.

बाहेरून काहीच दिसत नव्हतं. ना गाठ, ना फुगवटा. केबल सगळीकडे सारखी, गुळगुळीत. चंपतराव वाकून म्हणाले, "इथं काय आहे? इथं तर जॉइंटही नाही."

"हाय," मैनाबाई म्हणाली. "दिसत नाई, म्हनूनच हाय."

सबंध केबलवर गुंडाळलेली काळी पट्टी तिनं तिथं चाकूनं कापली. आत तांब्याच्या तारेचा एकेक बारीक धागा दुसऱ्या तुकड्याच्या एकेका धाग्याला, एक एक करून, चिमटीत पीळ देऊन जोडला होता. सत्तर-ऐंशी धागे. इतकी देखणी सांधणी, की कोष्ट्यांपैकी कुणी पाहिली असती, तर तोंडात बोट घातलं असतं. आणि प्रत्येक पिळावर करपलेली, तपकिरी, तांदळाची खळ.

भंगारातलं ते भेंडोळं म्हणजे पाच तुकडे होते. ईश्वरदासनं रात्रभर बसून ते जोडले होते, जसा ताणा जोडतात तसे. धागा घासायचा नसतो, दुखवायचा नसतो, म्हणून त्यानं तारेवरचा काळा थरही खरवडला नव्हता. धागा सुटू नये म्हणून बोट खळीत बुडवलं होतं. सुताला ती धरून ठेवते. तांब्याला तिनं अडवून धरलं होतं.

ईश्वरदास पायरी चढून आत आला. जोडाकडे पाहिलं.

"माझाच हाय," तो म्हणाला.

चंपतरावांना एवढी आयती संधी सोडवेना. "म्हणजे बाई, फॉल्ट शेवटी तुमच्याच घरचा निघाला की!"

मैनाबाई गुडघ्यांवरून उठली नाही. नुसती मान वर केली. "हो. माझ्याच घरचा. म्हनूनच मी फळ्या काढाले लावल्या. तुमच्या घरचा असता, तं तुमी मघाशीच चहा पिऊन गेले असते."

चंपतरावांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि खाली बसून बाकीचे तीन जोड शोधायला लागले. त्यांना एकही सापडला नाही. ईश्वरदासनं बोट ठेवून दाखवले, एक, दोन, तीन. तिसरा दाखवून झाला, तेव्हा मैनाबाईनं चाकू त्याच्या हातात दिला. "तुमीच कापा. दुसऱ्या कोनाचा हात नको याले." त्यानं कापले. कापलेला पहिला जोड तिनं उचलून पिशवीत टाकला. जोड कामाचा नव्हता, पण हात ईश्वरदासचा होता.

मनोहररावांनी दुसऱ्या दिवशी सलग एका तुकड्याची केबल आणली आणि ती टाकली ईश्वरदासनंच. गुरुवारी पहाटे बस निघाली. गोपिकाबाई मागच्या खिडकीत, कूलरसमोर, तोंड हवेत धरून बसल्या होत्या. समुद्र पूर्वेचा की पश्चिमेचा, यावर नवरा-बायकोचं वर्धा रोडपर्यंत एकमत झालं नव्हतं, असं पोचवायला गेलेले लोक सांगत आले.

त्याच गुरुवारी दुपारी चंपतरावांची स्कूटर टिमकीत मैनाबाईच्या दाराशी थांबली. मागं तारेची दोन रिळं बांधलेली. डोक्यावर ओला रुमाल. आत मैनाबाईच्या चरख्याची घरघर चालू होती.

"मैनाबाई, दोन दुकानांत सांगून आलो. स्पष्ट शब्दांत. गिऱ्हाइकांसमोर. मी म्हटलं..."

मैनाबाईनं चरखा न थांबवता डाव्या हाताचं एक बोट वर केलं. ओठ हलत होते. "चारशे एकोनतीस, चारशे तीस..."

चंपतराव थांबले. मग पुन्हा म्हणाले, "ही तार आणली आहे, अर्जंट..."

बोट अजून वरच होतं. कोपऱ्यात मांजराला दूध घालणारा ईश्वरदास म्हणाला, "बसा भाऊ. आता नाई बोलनार ते. नवशे फेरे हायेत."

चंपतराव सफारी सूट सावरून मागाच्या बैठकीवर बसले. घाम पुसला. ईश्वरदासनं पाणी दिलं. पाचशे झाले. सहाशे झाले. एकदा त्यांनी खाकरून पाहिलं, तर मैनाबाईनं तारेच्या दांडीच्या चष्म्यावरून असं पाहिलं, की त्यांनी उरलेली खाकर गिळून टाकली. नवशेव्या फेऱ्याला चरखा थांबला. तिनं टोक वळवून बांधलं, कॉइल उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिली आणि खाली ठेवली.

"दोन दुकानं म्हनता?"

"हो. दोन."

"तीन होती."

"तिसरं बंद होतं. दुपारची झोप आहे त्याची."

"कधी खुलते?"

"पाच वाजता."

"मंग पाच वाजता जाऊन या. तार इथंच राहू द्या, कोनी नाई चोरत." तिनं दुसरी रिकामी चौकट यंत्रावर चढवली. "आले का मंग बोलू, अर्जंट काय हाय ते."

चंपतरावांनी दाराबाहेर पाहिलं. चारला दहा कमी. रस्त्यावरचं डांबर चकाकत होतं, कडुनिंबाखाली कुत्रंसुद्धा नव्हतं. ते काहीतरी बोलणार होते. पण मैनाबाईचे ओठ हलायला लागले होते, "एक, दोन, तीन..." त्यांनी ओला रुमाल पुन्हा डोक्यावर टाकला आणि स्कूटरला किक मारायला बाहेर गेले.